गिरणगावाचे साहित्य : आवाज आणि अधिकार

गिरणगावावर मराठीत जे साहित्य निर्माण झाले ते उपेक्षित राहिले, असे म्हणता येणार नाही. नारायण सुर्वे १९९५ साली परभणी येथे भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. जयंत पवार यांचे ‘अधांतर’ हे नाटक १९९७ साली रंगभूमीवर आले आणि जाणकारांनी ते उचलून धरले. पुढे त्यांच्या ‘फिनिक्सच्या राखेतून उठला मोर’ या कथासंग्रहाला २०१२ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. कौतुकात काही उणे राहिले नाही. परंतु कौतुकाचेही प्रकार असतात. मयताला जमलेली माणसे गेलेल्याचे गुण गातात, तेव्हा त्या स्तुतीत एक निर्धास्तपणा असतो. कारण ज्याची स्तुती चालली आहे तो आता उठून काही मागणार नाही, हे सर्वांना ठाऊक असते. गिरणगावाच्या साहित्याला आपण दिलेली दाद या जातीची तर नाही ना, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

हा प्रश्न मला ग्रंथालयात बसून सुचलेला नाही. काही वर्षांपूर्वी नालासोपाऱ्यात घरभेटीला गेलो असता, ज्या कुटुंबाकडे गेलो होतो त्यांच्या शेजारचे एक वृद्ध गृहस्थ येऊन बसले. मूळचे कोकणातले, परळच्या एका गिरणीच्या साचेखात्यात त्यांची उमेदीची वर्षे गेली होती. मी नुकतेच ‘अधांतर’ पुन्हा वाचले होते आणि काहीशा उत्साहाने त्यांना त्याविषयी सांगू लागलो. त्यांनी सारे शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाले की, आमच्यावर नाटक झाले, सिनेमा झाला, पुस्तके निघाली, हे चांगलेच झाले. पण गिरणीच्या जागेचे काय करायचे हे ठरत होते तेव्हा आम्ही तिथेच, दोन गल्ल्या पलीकडे राहत होतो, आणि आम्हाला कोणी विचारले नाही. माझे रसग्रहण तेथेच थांबले. ज्या साहित्याला आपण गिरणगावाचा ‘आवाज’ म्हणतो तो आवाज आणि या गृहस्थांना अभिप्रेत असलेला आवाज या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे त्या दिवशी ध्यानात आले.

येथे थोडी पार्श्वभूमी सांगणे आवश्यक आहे. ‘जेंट्रिफिकेशन’ हा शब्द रूथ ग्लास या समाजशास्त्रज्ञ विदुषीने १९६४ साली लंडनच्या संदर्भात रूढ केला. कष्टकऱ्यांच्या वस्तीत सधन वर्ग हळूहळू शिरतो, जुन्या घरांचे रूप पालटते, भाडी वाढतात, मूळ रहिवासी बाहेर पडतात आणि अखेरीस त्या वस्तीची सामाजिक ओळखच बदलून जाते, ही प्रक्रिया तिने नोंदवली. मराठीत तिला आपण ‘अभिजनीकरण’ म्हणू. लंडनमध्ये हे घरामागून घर असे घडले. लालबाग-परळमध्ये मात्र घरांच्या आधी जमीन हातची गेली, आणि ती नियमाच्या एका दुरुस्तीने गेली.

मुंबईतील पहिली कापड गिरणी १८५६ साली सुरू झाली. पुढील शंभर-सव्वाशे वर्षांत गिरण्यांच्या भोवती चाळी, खानावळी, व्यायामशाळा, भजनी मंडळे, शाहिरांचे फड आणि कामगार रंगभूमी उभी राहिली. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. तो विरत गेला, आणि त्याबरोबर गिरण्याही विरत गेल्या. मागे उरली ती शहराच्या मध्यभागी असलेली शेकडो एकर जमीन. १९९१ सालच्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ क्रमांकाच्या नियमाने तिची स्थूलमानाने तीन वाट्यांत विभागणी ठरवली : एक वाटा महापालिकेकडे, उद्याने व मैदानांसारख्या सार्वजनिक जागांसाठी, दुसरा ‘म्हाडा’कडे, परवडणाऱ्या घरांसाठी, आणि तिसरा मालकाकडे. १९९६ साली वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांच्या अभ्यासगटाने राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या गिरण्यांची पाहणी करून, या जमिनींचा तुकड्या-तुकड्यांनी विचार न करता संपूर्ण परिसराची एकत्रित आखणी करावी, अशी भूमिका मांडली. २००१ साली मात्र नियमच बदलला. तीन वाटे एकूण जमिनीचे न धरता केवळ मोकळ्या जमिनीचे धरावेत, असे ठरले. गिरण्यांच्या आवारात इमारतींनी व्यापलेली जागाच मोठी असल्यामुळे सार्वजनिक वाट्याला अगदी थोडे उरले. प्रकरण न्यायालयात गेले. उच्च न्यायालयाने २००५ साली जनहिताच्या बाजूने दिलेला निकाल सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २००६ रोजी फिरवला आणि २००१ ची दुरुस्ती वैध ठरवली.

हा तपशील साहित्याच्या लेखात कशासाठी, असे कोणी विचारील. माझे उत्तर असे की, या तारखांच्या शेजारी ठेवून वाचल्याशिवाय गिरणगावाच्या साहित्याचे मर्म कळत नाही. तीन टप्पे येथे विचारात घेऊ.

पहिला टप्पा सुर्वे यांचा. गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराला सापडलेले अनाथ मूल पुढे शाळेत शिपाई झाले, मग शिक्षक झाले, कवी झाले, हा इतिहास सर्वांना परिचित आहे. ‘ऐसा गा मी ब्रह्म’ (१९६२) आणि ‘माझे विद्यापीठ’ (१९६६) या संग्रहांतील ‘मी’कडे नीट पाहावे. हा ‘मी’ एकट्याचा नाही आणि दीनही नाही. रस्ता, कारखाना, चाळ ही त्याची शिकण्याची जागा आहे. आणि जेथे आपण शिकलो, राबलो, ती जागा आपली आहे, याबद्दल त्याच्या मनात शंका नाही. आत्मदया न करता स्वतःविषयी बोलणे ही सुर्वे यांची मोठी सिद्धी आहे. समीक्षकांनी तिचे श्रेय त्यांच्या विचारसरणीला आणि बोलीच्या सामर्थ्याला दिले, ते योग्यच आहे. परंतु आणखी एक कारण आहे. त्या काळी गिरणगाव आपल्या पायांवर उभे होते. कवी बोलत होता तेव्हा त्याच्यामागे भोंगा वाजत होता, मोर्चे निघत होते, शहराला त्याच्याकडे लक्ष द्यावेच लागत होते. त्या ‘मी’चे बळ शब्दांत होते तसेच ते त्या वस्तीतही होते.

मात्र या ‘मी’त सर्व गिरणगाव सामावले होते, असे मानण्याची चूक करू नये. साचेखात्यात धोट्याच्या छिद्रातून दोरा तोंडाने ओढून घ्यावा लागे. म्हणून अस्पृश्य मानलेल्या कामगारांना त्या अधिक पगाराच्या खात्यात बराच काळ मज्जाव होता. बाबूराव बागुलांच्या कथांनी कष्टकरी वस्त्यांतील ही दुसरी बाजू उघड केली. स्त्रिया तर गिरण्यांमधून हळूहळू बाहेरच काढल्या गेल्या आणि खानावळी चालवू लागल्या. त्यांचे संघटन होण्यासाठी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळाची स्थापना व्हावी लागली. तेव्हा ‘समाजाचा आवाज’ हा शब्द एकवचनी वापरताना सावध असावे. कायद्यानेही हीच चूक केली होती. १९४६ च्या औद्योगिक संबंध कायद्यानुसार एका उद्योगात वाटाघाटीचा अधिकार एकाच मान्यताप्राप्त युनियनला मिळे. अडीच लाख माणसे रस्त्यावर उतरली तरी त्यांच्या वतीने बोलण्याचा कायदेशीर अधिकार दुसऱ्याच संघटनेकडे राहिला. ‘आवाज’ आणि ‘अधिकार’ यांची फारकत गिरणगावाने जमिनीच्या प्रश्नाआधी येथेच अनुभवली.

दुसरा टप्पा ‘अधांतर’चा. चाळीतली एक खोली. तिच्यात आई, तीन मुलगे आणि मुलगी. संपानंतरचा काळ. एक मुलगा लेखक होऊ पाहतो, दुसरा रिकामपणात क्रिकेटच्या नादी लागला आहे, तिसरा टोळीच्या वाटेने गेला आहे. सुर्वे यांच्या ‘मी’ला वाचक म्हणून जो ओळखतो त्याला या खोलीत जाणवते ती एकच गोष्ट : येथे प्रत्येक जण बोलतो, पण कोणीही सर्वांच्या वतीने बोलू शकत नाही. माणसे एकमेकांवर चिडतात, ओरडतात, टोमणे मारतात. त्यांचे सगळे शब्द त्या चार भिंतींच्या आत संपतात. शहराला उद्देशून एक वाक्यही कोणाच्या तोंडून बाहेर पडत नाही. ज्यांनी हे नाटक केवळ कौटुंबिक ऱ्हासाचे वास्तववादी चित्र म्हणून वाचले त्यांनी पवारांना अर्धेच वाचले, असे मला वाटते. घरात लेखक असूनही तो लेखक घराचा प्रवक्ता होत नाही, ही या नाटकातील सर्वांत कठोर योजना आहे. स्वतःच्या जातकुळीला पवारांनी सूट दिलेली नाही.

या नाटकावर एक आक्षेप घेता येतो, आणि तो मी गंभीर मानतो. ज्यांनी गिरण्या बंद केल्या, ज्यांनी नियम आखले, ते कोणी रंगमंचावर येत नाहीत. परिणाम दिसतो, कारण दिसत नाही. आणि मग प्रेक्षक दोष त्या मुलांच्याच माथी मारून घरी जाऊ शकतो. महेश मांजरेकर यांनी याच नाटकावर आधारलेला ‘लालबाग परळ’ हा चित्रपट २०१० साली काढला, तेव्हा मालक आणि त्यांचे बेत पडद्यावर आणून ही उणीव भरून काढण्याचा प्रयत्न केला. परंतु खलनायक दिसताच प्रश्न सोपा झाला, आणि हिंसाचाराच्या गोंगाटात खोलीतील ते असह्य गुदमरणे हरवले. पवारांनी मालकाला बाहेर ठेवले यामागे कलेचा संयम आहे, तसेच एक सत्यही आहे. त्या खोलीतल्या माणसांना निर्णय घेणारा कधी दिसलाच नाही. तो कोठे बसतो, कोणत्या कागदावर सही करतो, हे त्यांना ठाऊक नव्हते. जे पात्रांना दिसत नाही ते नाटककाराने दाखवले असते तर प्रेक्षकाला अधिक माहिती मिळाली असती. त्यांची लाचारी मात्र कळली नसती. म्हणून आक्षेप नोंदवूनही मी नाटकाच्या बाजूने उभा राहतो.

तिसरा टप्पा नीरा आडारकर आणि मीना मेनन यांच्या ग्रंथाचा. २००४ साली इंग्रजीत प्रसिद्ध झालेल्या या मौखिक इतिहासाच्या नावातच शंभर वर्षे आणि शंभर आवाज आहेत. कामगार, कार्यकर्ते, कलावंत, स्त्रिया अशा अनेकांच्या मुलाखती त्यांच्याच तोंडच्या भाषेचा ठसा राखून येथे एकत्र केल्या आहेत. या ग्रंथाचे मोठेपण असे की, संकलकांनी हे आवाज एका सुरात बसवलेले नाहीत. संपाविषयी, नेत्यांविषयी, पक्षांविषयी एकाचे म्हणणे दुसऱ्याशी जुळत नाही, आणि ते तसेच राहू दिले आहे. समाजाचा आवाज अनेकवचनी असतो, हे येथे पानोपानी पटते. १९८९ पासून बंद गिरणी कामगार संघर्ष समितीच्या रूपाने दत्ता इस्वलकर आणि त्यांचे सहकारी जे झगडले त्या लढ्याची ऊबही या ग्रंथामागे आहे. संकलिका स्वतः त्या चळवळीच्या निकट होत्या.

येथे आपण काय पाहिले? १९६० च्या दशकातील ‘मी’ शहराशी बोलत होता. १९९७ मधील ‘मी’ फुटून खोलीत कोंडला गेला. २००४ मध्ये शंभर ‘मी’ ध्वनिमुद्रित होऊन ग्रंथात आले. आवाजाची जपणूक वाढत गेली, आणि त्याच काळात त्याचा अधिकार घटत गेला. ग्रंथ निघाला त्याच्या पुढच्याच वर्षी, २००५ साली, राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या पाच गिरण्यांच्या जमिनी विकल्या गेल्या. त्यांतील मुंबई टेक्स्टाइल मिलची जमीन ७०२ कोटी रुपयांना आणि कोहिनूर मिल क्रमांक ३ ची ४२१ कोटींना गेली. ही दोन वर्षे शेजारी ठेवून वाचली की, आपल्या कौतुकाविषयी मला वाटणारी शंका वाचकांनाही पटेल. ज्यांचे काही चालणार नाही, त्यांचे बोलणे ऐकून घेणे शहराला जड जात नाही.

शेरी आर्नस्टाइन या अमेरिकन विदुषीने १९६९ साली नागरिकांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची एक शिडी मांडली होती. तळाशी केवळ देखावा. मधल्या पायऱ्यांवर माहिती देणे, मत विचारणे, समजूत काढणे. आणि वर भागीदारी व प्रत्यक्ष अधिकार. मत विचारले पण त्या मताने काहीच बदलणार नसेल, तर ती पायरी नावापुरतीच, असा तिचा रोख होता. साहित्यसमीक्षेलाही ही शिडी उपयोगी पडावी. एखादी कृती ‘वंचितांचा आवाज’ आहे असे म्हणताना, तो आवाज कोणत्या पायरीवर ऐकला जात आहे, हे समीक्षकाने विचारले पाहिजे. त्यासाठी लेखकाला दोष देण्याचे कारण नाही. त्याने त्याचे काम केले. प्रश्न आहे तो वाचणाऱ्यांचा.

ऐकले न जाण्याची किंमत किती असते, तेही पाहू. गिरण्यांच्या जागी कचेऱ्या, मॉल आणि मनोरे उभे राहिले. विक्रेत्यांच्या जाहिरातींत लोअर परळचे ‘अप्पर वरळी’ झाले. हजारो नवी माणसे रोज तेथे येऊ लागली. ती ज्या स्थानकांतून ये-जा करीत ती मात्र जुनीच होती. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पादचारी पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ जण मृत्युमुखी पडले. त्याच वर्षी २९ डिसेंबरला कमला मिल्सच्या आवारातील उपाहारगृहांना लागलेल्या आगीत १४ जीव गेले. या दुर्घटनांची तात्कालिक कारणे निराळी असतील. परंतु सार्वजनिक जागेचा विचार शेवटी करण्याची सवय लागलेल्या परिसरात त्या घडल्या, हे विसरता येत नाही. आणि त्या पुलावर चेंगरली गेलेली माणसे गिरणगावाची जुनी रहिवासी होती की नव्याने कामाला येणारी, हा भेद मृत्यूने केला नाही. सामायिक जागा गमावली की ती सर्वांचीच गमावली जाते.

तरी निराशेचाच सूर लावणे अन्यायाचे होईल. कारण आवाजाला अधिकार मिळाल्याची उदाहरणेही याच भूमीत आहेत. दादरला चैत्यभूमीलगतच्या इंदू मिलच्या जागेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे स्मारक व्हावे, या मागणीसाठी डिसेंबर २०११ मध्ये कार्यकर्ते आवारात शिरले. सुमारे बारा एकरांची ती जागा स्मारकाला मिळाली आणि २०१५ साली तेथे भूमिपूजन झाले. गिरणी कामगारांच्या घरांची पहिली मोठी सोडत २०१२ साली निघाली, ६,९२५ घरांची; तीही चळवळीच्या रेट्याखेरीज निघाली नसती. अर्ज मात्र सुमारे दीड लाख होते, आणि पुढे शेलू-वांगणीसारख्या दूरच्या ठिकाणी घरे देऊ करण्याच्या योजनेला कामगारांनी विरोध केला तो त्यामुळेच. घर तर हवे, पण ज्या शहराचे कापड आम्ही विणले त्या शहरात हवे, ही सुर्वे यांच्या ‘मी’चीच मागणी आहे. मुंबईच्या नव्या विकास आराखड्याचा मसुदा २०१५ च्या आरंभी प्रसिद्ध झाला, तेव्हा नागरिकांनी हजारोंच्या संख्येने हरकती नोंदवल्या आणि शासनाला तो मसुदा एप्रिलमध्ये मागे घ्यावा लागला. त्या हरकतींना साहित्यमूल्य नव्हते. परंतु त्या वेळेवर पोहोचल्या, योग्य टेबलावर पोहोचल्या.

येथे मला माझ्या निष्कर्षाकडे यावयाचे आहे. गिरणगावाच्या साहित्याला आपण शोकगीत म्हणून वाचत आलो. त्याला हरकत म्हणून वाचले पाहिजे. आराखड्यावर नोंदवलेली, आणि मुदत उलटून गेली म्हणून दाखल न झालेली हरकत. असे वाचले की सुर्वे यांचा आत्मविश्वास हा मालकीहक्काचा दावा ठरतो, ‘अधांतर’मधील गुदमर ही निर्णयप्रक्रियेवरील टीका ठरते, आणि शंभर मुलाखती ही साक्षीदारांची यादी ठरते. त्यांच्या कलामूल्याला यामुळे बाध येत नाही. उलट ज्या ताणातून ती कला जन्मली तो ताण आपल्याला प्रथमच पुरता जाणवतो.

आपल्या भागातील वाचकांना हे सारे मुंबईचे म्हणून दूरचे वाटू नये. गिरणगावातून उठलेली कुटुंबे कोठे गेली? विरार, नालासोपारा, वसई, डोंबिवली, कल्याण. वसईत आपण ‘बाहेरून आलेल्यांनी’ गावपण बिघडवले अशी तक्रार करतो. वाड्या तुटल्या, विहिरी आटल्या, गर्दी झाली, हे खोटे नाही, आणि हिरव्या वसईसाठी येथील गावांनी दिलेला लढा मोलाचा आहे. परंतु ज्यांना आपण बाहेरचे म्हणतो त्यांतील कित्येक जण स्वतःच्या वस्तीतून बाहेर काढले गेलेले आहेत, याची नोंद आपल्या लेखनात फारशी दिसत नाही. आपण लिहितो त्या गावाच्या आठवणी मनोहर असतात; त्यांत शेजारच्या इमारतीतला माणूस क्वचितच येतो, आणि आला तरी बोलत नाही. गिरणगावाबाबत शहराने जे केले तेच आपण आपल्या लहानशा प्रमाणात करीत नाही ना?

हरकती आणि सूचना मागवणारी सूचनापत्रे निघतच राहतील. ती क्लिष्ट भाषेत असतील आणि मुदत थोडी असेल. ती सोप्या मराठीत लिहून काढणे, सभेत वाचून दाखवणे, आणि जुने-नवे सारे रहिवासी एकत्र बसवून त्यांवर लिहिणे, हे साक्षर माणसाचे काम आहे. आणि लेखणी हाती असलेल्यांनी ते कमी प्रतीचे मानू नये. नालासोपाऱ्याच्या त्या गृहस्थांना मी पुढच्या भेटीत पवारांचे पुस्तक नेऊन दिले. त्यांनी ते ठेवून घेतले, आणि आमच्या प्रभागाचा नवा नकाशा कोठे पाहायला मिळतो, असे विचारले. त्या दिवशी मला उत्तर देता आले नाही. नंतर शोधून, महापालिकेच्या कोणत्या कचेरीत जायचे ते चिठ्ठीवर लिहून मी त्यांना पाठवले.